क्विल्टसाठी जुने ‘फेदरवेट’ घ्यावे का?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनींनी विचारले आहे की, त्या ज्या क्विल्ट (थर शिवून केलेले, गोधडीसारखे पांघरूण) मंडळात जातात तिथे बऱ्याच जणी सिंगरचे एक लहानसे, काळे, सोनेरी नक्षीचे जुने मशीन पेटीत घालून आणतात आणि त्याचे तोंड भरून कौतुक करतात. हे कौतुक केवळ हलकेपणाचे आहे की हौसेचे? स्वतःकडे अनेक प्रकारचे टाके घालणारे नवे मशीन असताना असे दुसरे घेण्यात अर्थ आहे का? विक्रीला असलेले एक मशीन त्यांनी पाहून ठेवले आहे, मात्र त्याला बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ती छोटी डबी) नाही. आईच्या जुन्या सुती नऊवारींची गोधडी त्यावर करायचा त्यांचा मनोदय आहे आणि दरवर्षी काही महिने पुण्यात मुक्काम असल्याने ते तिथे चालेल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी क्विल्ट करते आणि जुनी मशिने उघडून दुरुस्तही करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगता येईल. घ्यावे की न घ्यावे याचे उत्तर बरेचसे एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे आपण क्विल्टचे नेमके कोणते काम मशीनवर करणार आहात. क्विल्टमध्ये दोन वेगवेगळी कामे असतात. पहिले जोडकाम, म्हणजे कापडाचे लहान तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार करणे. दुसरे म्हणजे वरचा थर, मधले भरण आणि खालचे अस्तर एकत्र धरून त्यांतून आरपार टीप मारणे. आपण पाहिलेले मशीन पहिल्या कामात फार चांगले आहे आणि दुसऱ्यात बेताचे. मंडळात त्याची इतकी स्तुती ऐकू येते, कारण मंडळाच्या बैठकीत आणि कार्यशाळेत बहुतेक वेळ जोडकामच चालते. थर एकत्र शिवण्याचे काम लोक घरी मोठ्या मशीनवर करतात किंवा पैसे देऊन करून घेतात.

वर्णनावरून हे सिंगर 221 म्हणजेच ‘फेदरवेट’ आहे यात शंका नाही. ते 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास लोकांपुढे आले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिले. त्यांतली पुष्कळशी मशिने न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ येथील कारखान्यात, म्हणजे आपल्या घरापासून तासाभराच्या आतल्या अंतरावर बनली आणि बाकीची मुख्यतः स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात. अनुक्रमांकाची सुरुवात इंग्रजी ‘ए’ने होत असेल तर सहसा एलिझाबेथ आणि ‘ई’ने होत असेल तर किलबोवी असे समजावे. शिवणीच्या दर्जात मला या दोन कारखान्यांमध्ये फरक आढळलेला नाही. 1951 साली सिंगरच्या शताब्दीनिमित्त निळ्या काठाचा खास बिल्ला लावलेली मशिने निघाली. बिल्ल्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात, पण बिल्ल्याने टीप सरळ येत नाही.

आता वजनाचे पाहू. याचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे असून मशीन अकरा पौंडांचे, म्हणजे सुमारे पाच किलोंचे आहे. त्याच काळातील ओतीव लोखंडाची पूर्ण आकाराची मशिने याच्या दुप्पट-तिप्पट भरतात. आपल्याकडच्या पायमशीनचे नुसते काळे हेड टेबलावरून उचलून पाहिले असेल तर हा फरक वेगळा सांगायला नको. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. आजची हलकी प्लास्टिकची मशिनेही पाच-सहा किलोंचीच असतात. आपल्याकडील नवे मशीन वजनकाट्यावर ठेवले तर बहुधा थोडाच फरक दिसेल, आणि फेदरवेटची जुनी पेटी व पायाचे पॅडल मिळून त्यात आणखी दोन-तीन किलोंची भर पडते. तेव्हा निव्वळ हलके मशीन हवे म्हणून जुने शोधण्याची गरज उरलेली नाही. शिवणाची जागा घरात कायमची असेल आणि मशीन वर्षानुवर्षे तिथून हलणार नसेल, तर वजन पाच किलो आहे की पंधरा, याने काहीच बिघडत नाही. जेवणाच्या टेबलावर शिवून रोज संध्याकाळी आवराआवर करावी लागत असेल, जिना चढून कार्यशाळेला जावे लागत असेल किंवा मनगट-पाठ दुखत असेल, तर मात्र प्रत्येक किलो मोजावा लागतो.

मग त्या सगळ्या जणी प्लास्टिकचे हलके मशीन सोडून हेच का उचलून आणतात? माझ्या मते याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही शिवायला बसल्यावरच लक्षात येतात. पहिले म्हणजे याचा पाट, म्हणजे ज्यावर कापड ठेवून शिवतात तो सपाट भाग, फार बुटका आहे. नव्या मशीनचा पाट टेबलापासून बराच वर असतो, त्यामुळे खांदे उचलून शिवावे लागते. याचा पाट टेबलापासून जेमतेम दोन इंच वर असल्याने हात जवळजवळ टेबलावरच टेकलेले राहतात. तासन्तास तुकडे जोडणाऱ्या बाईला हा फरक दिवसाच्या शेवटी मानेत जाणवतो. पाटाची डावी बाजू बिजागरीवर वर घडी होते, म्हणून पेटीत जागा कमी लागते आणि शिवताना ती खाली पाडली की कापडाला पुरेसा आधार मिळतो. दुसरे कारण म्हणजे धातूचा सांगाडा. वजन कमी असूनही सुईच्या आसपासचा भाग हलत नाही, त्यामुळे टाका एकसारखा पडतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे मशीन फक्त सरळ टीप मारते. नागमोडी टाका घालणाऱ्या मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडे जावी लागते, म्हणून सुईखालच्या प्लेटमध्ये आडवी रुंद फट ठेवलेली असते. पातळ कापडाचे टोक, विशेषतः त्रिकोणी तुकड्याचा कोपरा सुईखाली आला की सुई ते टोकच त्या फटीत ढकलते आणि सुरुवातीचे दोन टाके गुंता होऊन बसतात. फेदरवेटच्या प्लेटला सुईपुरते एकच गोल छिद्र आहे. कापडाला सुईच्या चहूबाजूंनी आधार मिळतो, टोक आत ओढले जात नाही आणि टीप पहिल्या टाक्यापासून रेषेत जाते. हाच फायदा आपल्या नव्या मशीनलाही मिळू शकतो: त्याच्यासाठी सरळ टीपेची प्लेट वेगळी विकत मिळत असेल तर आधी ती बसवून पाहा. ती फार स्वस्त पडते आणि कदाचित आपली निम्मी अडचण तिथेच सुटेल. ती लावल्यावर चुकूनही नागमोडी टाका निवडू नका, सुई प्लेटवर आपटून मोडेल.

कोणत्याही मशीनवर जोडकाम किती अचूक होते हे तपासायला मी एक साधी चाचणी घेते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून पाव इंच शिवण धरून त्या एकमेकींना जोडायच्या आणि इस्त्री करून मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच आणि सगळे मिळून साडेतीन इंच भरले पाहिजे. मधली पट्टी एक इंचापेक्षा दोऱ्याएवढी जरी कमी भरली, तरी चाळीस तुकड्यांच्या ओळीत तो फरक बोटभर होतो आणि मग शेजारच्या ओळीचे सांधे जुळत नाहीत. फेदरवेटबरोबर येणाऱ्या फूटची (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड सुईपासून नेमकी पाव इंचावर असेलच असे नाही; म्हणून बहुतेक जणी पाव इंची फूट वेगळे घेतात किंवा प्लेटवर जाड चिकटपट्टीची खूण लावतात. इस्त्रीच्या घडीत कापड थोडे खाल्ले जाते, तेव्हा शिवण पाव इंचापेक्षा किंचित कमीच धरावी. मंडळात कोणाच्या तरी फेदरवेटवर आणि घरी आपल्या मशीनवर अशी एकेक चाचणी करून दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा त्या पट्ट्या जास्त सांगतील.

हे मशीन क्विल्टसाठी बनवलेलेच नव्हते, हेही लक्षात असू द्यावे. लहान घरात कपडे शिवणाऱ्या गृहिणीसाठी ते तयार झाले. अमेरिकेत क्विल्टची नवी लाट त्यानंतर आली: 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या क्विल्ट भिंतींवर चित्रांसारख्या टांगून प्रदर्शन भरवले, 1976 मध्ये देशाच्या द्विशताब्दीने जुन्या कलांची ओढ वाढवली आणि 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीचे फिरते चक्राकार कटर आले. ते मुळात कपडे शिवणाऱ्यांसाठी होते. क्विल्ट करणाऱ्यांनी त्याने पट्ट्या सरसर कापायला सुरुवात केली आणि सगळे काम लांब सरळ शिवणींवर आले. तोवर फेदरवेटचे उत्पादन बंद होऊन दहाएक वर्षे झाली होती, पण माळ्यांवर आणि तळघरांत ती भरपूर पडून होती. सरळ टीप, छोटी पेटी आणि बैठकीला उचलून नेण्याजोगे वजन या तिन्ही गोष्टी नव्या गरजेला अशा बरोबर जुळल्या.

आता त्याच्या मर्यादा. सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामधली जागा जेमतेम पाच-साडेपाच इंच आहे. पलंगभर क्विल्टची गुंडाळी त्यातून सरकवणे म्हणजे हातांची कुस्ती आहे. फूट फार वर उचलले जात नाही, मोटर लहान आहे आणि कापड पुढे ढकलणारे दात खाली पाडता येत नाहीत. मोकळ्या हाताने वळणदार टीप मारायची झाली तर दातांवर आच्छादन प्लेट बसवावी लागते. याच घराण्यातील 222 या मशीनमध्ये दात खाली जातात आणि पाट काढून बाहीसाठी मोकळा दांडा मिळतो, पण ते दुर्मीळ असल्याने किंमत बरीच चढी असते आणि जागा मात्र तेवढीच अपुरी राहते. बाळाची दुपटी, टेबलावरच्या चटया आणि उशांचे अभ्रे फेदरवेटवर थरांसकट शिवता येतात. त्याहून मोठ्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

आपल्या साड्यांच्या बाबतीत आधी एक गोष्ट ठरवा. आपल्या पारंपरिक गोधडीत जोडकाम थोडेच असते. साड्या घडी घालून एकावर एक पसरतात, साड्यांचेच थर भरणाचे काम करतात आणि कडेपासून आत येत धावदोऱ्याने सगळे एकत्र धरले जाते. तशीच गोधडी करायची असेल तर मशीनचे काम दोन पन्हे जोडून रुंदी वाढवण्यापुरते आहे, आणि तेवढ्यासाठी शेकडो डॉलर घालण्याची गरज नाही. आपले नवे मशीन ते सहज करील. मधले थर हाताने धावदोऱ्याने शिवा, कारण मशीनची घट्ट टीप जुन्या सुती कापडाला छिद्रे पाडून रेषेवरच फाडते. आपल्या मनात मात्र साड्यांचे तुकडे जोडून अमेरिकी धर्तीचा वरचा थर करायचा असेल, तर फेदरवेटसारखे मशीन खरोखर उपयोगी पडेल, कारण झिजलेले मऊ कापड रुंद फटीत हमखास आत जाते.

तुकडे कापण्यापूर्वी साडी खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. नेसताना ताण येणारा आणि बसण्याचा भाग विरलेला दिसेल. पदर, काठ आणि निऱ्यांचा आतला भाग सहसा शाबूत असतो. संशय आला तर दोन्ही अंगठ्यांनी कापड हळूच ताणावे. तिथेच चरकले तर तो तुकडा वरच्या थरात घेऊ नये, आत भरणात घालावा. गडद काठाचा रंग उतरतो का हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून आधीच पाहावे. मग कापडाला दाट खळ देऊन, वाळवून, इस्त्री करून कापावे. खळीमुळे मऊ साडी तात्पुरती कडक होते, तिरपी ओढली जात नाही आणि शेवटच्या धुण्यात खळ निघून जाते. सुई दहा किंवा अकरा नंबरची, दोरा बारीक सुती आणि इंचाला बारा टाके एवढे पुरे. विरळ विणीत टाके फार जवळ पडले तर शिवणीशेजारीच कापड जाते. अशा कापडासाठी मी पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश इंच शिवण धरते, म्हणजे कडेचे धागे सुटले तरी शिवण निसटत नाही.

आपण पाहून ठेवलेल्या मशीनला बॉबिन केस नाही, ही किरकोळ बाब समजू नका. या मशीनची बॉबिन आणि केस दोन्ही वेगळ्या जातीची असतात; नेहमीच्या घरगुती मशीनचे सुटे भाग त्यात बसत नाहीत. जुनी मूळ केस वेगळी घ्यायला गेले तर महाग पडते आणि स्वस्त नकलांनी दोऱ्याचा ताण नीट लागत नाही, असा माझा अनुभव आहे. विकणाऱ्याने तेवढी किंमत कमी केली तरच विचार करा. शिवाय केस नसेल तर ते शिवून दाखवता येत नाही, म्हणजे आपण न चालवलेले मशीन घेत आहात. प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर आधी वीज न जोडता उजवीकडचे चाक आपल्याकडे फिरवा. ते कुठेही न अडकता सैल फिरले पाहिजे. नंतर वायरीचे रबर वाकवून तडे आहेत का ते बघा, प्लेटवर सुई आपटल्याच्या खुणा आणि दातांवरचा गंज तपासा, आणि वीज जोडून अगदी सावकाश चालवून पाहा. मोटरमधून जळका वास आला तर तिथेच थांबा. पेटीचा कुबट वास जवळजवळ प्रत्येकीला येतो, त्याला घाबरू नका. पेटी रिकामी करून काही दिवस उन्हात उघडी ठेवली की तो बराच कमी होतो. 1960 च्या दशकातील पांढरट मशिनांमध्ये घडीचा पाट आखूड आहे आणि आत गिअरच्या जागी दातेरी पट्टा आहे, म्हणून पहिलेच मशीन घेत असाल तर काळे घेणे सोयीचे.

घेतल्यानंतरची काळजी अवघड नाही, पण एक बाब पक्की लक्षात ठेवा: मशीनला तेल आणि मोटरला ग्रीस. मोटरला खाली दोन बारीक नळ्या असतात, त्यांत जुन्या मोटरसाठी मिळणारे विशिष्ट ग्रीसच भरायचे. तिथे तेल घातले तर ते आतल्या तारांवर आणि वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर पसरते. खालची तबकडी एक नट काढून सुटते; ती काढून गिअरना वंगण द्यावे आणि तबकडीतला जुना, तेल प्यायलेला नमदा बदलावा. मोटरचा पट्टा बोटाने दाबला की किंचित आत गेला पाहिजे, फार ताणला तर मोटरवर भार येतो. दिवा लहान असला तरी चांगला तापतो आणि कपाळ पुढे आणून शिवण्याची सवय असेल तर चटका बसतो, म्हणून बहुतेक जणी एलईडी लावतात. सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा स्वच्छतेची तीव्र द्रावणे लावू नयेत. मशीनच्या तेलाचा हात फिरवलेले मऊ फडके पुरते.

नव्या मालकिणींची सर्वाधिक तक्रार मशीन अचानक जाम होण्याची असते. सुरुवात करताना दोऱ्यांची टोके मागे धरली नाहीत की ती खाली ओढली जाऊन बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकमागे अडकतात आणि चाक गच्च बसते. अशा वेळी पॅडल दाबून जोर करू नका. हाताने चाक हळूहळू मागेपुढे करा, हुकवर तेलाचा थेंब टाका आणि अडकलेला धागा चिमट्याने काढा. दर वेळी आधी एका फालतू चिंधीवर दोन-चार टाके घालून, दोरा न तोडता त्याच्यामागोमाग खरा तुकडा सरकवण्याची सवय लावली तर हा प्रश्न जवळजवळ येतच नाही आणि दोराही वाचतो. सुई लावताना तिची चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा असतो. नव्या मशीनच्या सवयीने पुढून ओवला तर टाकाच बसत नाही, आणि लोक मशीन बिघडले समजून माझ्याकडे घेऊन येतात.

शेवटी पुण्याचा प्रश्न. मशीनच्या मोटरवरील पट्टी वाचा. अमेरिकेत विकलेल्या मशिनांवर 110 व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो, आणि ते पुण्यात थेट 230 व्होल्टला लावले तर मोटर आणि दिवा दोन्ही जातील. त्यासाठी तांब्याच्या गुंडाळीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवाशांना केस वाळवण्यासाठी विकतात ती हलकी इलेक्ट्रॉनिक डबी वापरू नये. पट्टीवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, त्यात दिव्याचे पंधरा वॅट मिळवायचे आणि आलेल्या आकड्याच्या दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. साधारण दोनशे ते तीनशे वॅटचा पुरतो. पन्नास की साठ हर्ट्झ या फरकाची चिंता नको, या जातीच्या मोटरला त्याने काही होत नाही. तो ट्रान्सफॉर्मर मात्र बऱ्यापैकी जड असतो, तेव्हा दरवर्षी इकडून तिकडे नेण्यापेक्षा तो पुण्यात विकत घेऊन तिथेच ठेवा. मुक्काम मुख्यतः पुण्याचाच होणार असेल, तर किलबोवीत ब्रिटनसाठी बनलेले, पट्टीवर दोनशेच्या वरचे व्होल्ट लिहिलेले मशीन शोधणे हा दुसरा मार्ग आहे. नुसत्या अनुक्रमांकावर जाऊ नका, कारण किलबोवीतून 110 व्होल्टचीही मशिने बाहेर पडली आहेत. ब्रिटनचे मशीन पुण्यात थेट चालेल, फक्त भिंतीकडचा प्लग बदलून घ्यावा लागेल. एडिसनमध्ये मात्र त्याला उलट्या दिशेचा ट्रान्सफॉर्मर लागेल.